आठ दिवस बघा

रविवार, ७ सप्टेंबर

प्रिय मुंगी,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे पत्र न फोडताच केराच्या टोपलीत टाकलं असतंस. म्हणून पत्ता तुझ्या भावजींकडून लिहून घेतला. त्यांनी थोडी कुरकुर केली, "अक्षर माझं, म्हणजे शिव्याही मलाच." तर आता फसलीच आहेस, वाच. मी ताई.

अकरा वर्षांनी लिहितेय. तू त्या छापखान्यात पुस्तकं बांधायच्या कामाला आहेस आणि वरच्याच खोलीत राहतेस, एवढंच कळलंय. मला वाटलं होतं तूच कधीतरी लिहिशील. लहान असताना फुगून बसायचीस तेव्हा जेवणाच्या वेळेपर्यंत टिकायचा तुझा राग.

बातमी अशी की मी खिडकी सोडली. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतली ती तक्रार खिडकी, जिच्या जाळीमागे माझी एकोणीस वर्षं गेली. दोन वर्षांपूर्वी राजीनामा दिला आणि संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. समुपदेशक होतेय मी. हसू नकोस. माणसं येतात, मनातलं बोलतात, आपण ऐकायचं, आणि त्यांचा गुंता त्यांच्याच हातून सुटेल असं बघायचं. वर्गात सगळ्यांत थोराड मीच, बाकीची पोरं माझ्या मुलाच्या वयाची. पहिल्या दिवशी ओळख करून देताना मी सांगून टाकलं, "तुम्ही ऐकायला शिकायला आलाय. मी एकोणीस वर्षं दुसरं काही केलेलंच नाही." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आणि ते काही खोटं नाही. खिडकीवर दिवसाला दीडशे माणसं यायची, तापलेली, ओरडणारी. जाताना म्हणायची, बाई, तुमच्याशी बोललं की निम्मं काम झालं. साहेबसुद्धा म्हणायचे की तुम्ही चुकीच्या खात्यात आहात.

लेखी परीक्षा झाल्या. आता दोनशे तास प्रत्यक्ष काम करायचं, की प्रमाणपत्र मिळतं आणि स्वतःची पाटी लावता येते. माझे एकशे अडतीस झालेत. औषधांच्या दुकानाच्या वर आमचं केंद्र आहे. खोलीत दोन खुर्च्या, अगदी समोरासमोर नाहीत, जरा तिरक्या, म्हणजे येणाऱ्याला नजर चुकवायची असली तर चुकवता यावी. घड्याळ त्यांच्या पाठीमागे, कागदी रुमालांचा डबा त्यांच्या हाताशी. आमच्या डोक्यावर एक मार्गदर्शक बाई आहेत. फार कमी बोलतात आणि पेन्सिलीचं टोक चावतात. मला वाटतं मी त्यांना आवडते.

परवा मंगळवारी माझी मोठी परीक्षाच आहे म्हण. प्रत्येकाने एका भेटीचं ध्वनिमुद्रण करायचं, अर्थात येणाऱ्याची सही घेऊन. मग गंमत अशी की आधी आठवणीतून सगळं लिहून काढायचं आणि तो कागद पाकिटात बंद करून बाईंना द्यायचा. त्यानंतर मुद्रण ऐकत शब्द न् शब्द उतरवायचा, हं हं सुद्धा, आणि शांतता किती सेकंदांची तेही लिहायचं. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. पोरांचं धाबं दणाणलंय. मला काही वाटत नाही, माझी स्मरणशक्ती तुला माहीत आहे.

आता मूळ मुद्दा. मुंगी, तू माझ्यावर राग धरलास त्या बैठकीवरून. तुझ्या कानाला इजा झाल्यानंतर मोठी माणसं जमली होती, आणि तुझा नवरा सांगत होता की ती न्हाणीघरात पडली. त्याच्याकडच्यांनी विचारलं, एवढा मारत होता तर सख्ख्या बहिणीला तरी बोलली असती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जे खरं होतं ते सांगितलं. मला ती काही बोलली नाही. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि उठून गेलीस ती गेलीसच. पण मी खोटं कसं बोलणार होते? कानाला इजा झाली त्याच्या सहा दिवस आधी तू माझ्या घरी आली होतीस, मी तुला किती परीने विचारलं, तू आईची आठवण आली म्हणालीस. मला तेवढंच ठाऊक होतं.

तेव्हा नाही बोललीस, ठीक आहे. आता मला ऐकणं व्यवसाय म्हणून येतं. कधीही ये, मोकळी हो.

तुझी ताई

गुरुवार, ११ सप्टेंबर

मुंगी,

हे मी तुलाच का लिहितेय ते मला नीट कळलेलं नाही.

मंगळवारी मुद्रण झालं. एक बाई आली होती, तिची तिसरी भेट. तिचं वय, काम, घर यातलं मी तुला काहीच सांगणार नाही, तसा नियम आहे. तिच्या तोंडचा शब्दही नाही. मी फक्त माझी वाक्यं सांगते, तेवढ्यावर माझा हक्क आहे.

भेट संपल्यावर शेजारच्या खोलीत बसून आठवणीतून लिहिलं. मी लिहिलं की सुरुवातीला चार मोकळे प्रश्न विचारले. ती गप्प झाली तेव्हा तिला गप्प राहू दिलं. तिने सांगितलं की ती थकते. शेवटी तिचा चेहरा हलका वाटला. पाकीट बंद करून बाईंना दिलं आणि खाली जाऊन चहासुद्धा प्यायले.

काल मुद्रण लावलं. पहिल्या दोन मिनिटांत मला वाटलं की दुसऱ्याच कुणाच्या मुद्रणाची चिप हातात आली. त्यात एक बाई बोलतेय, सारखी बोलतेय, घाईघाईने, पाठीमागे रांग लागल्यासारखी. ती मी होते.

ही माझी वाक्यं, ओळीने:

"घरी जायचं म्हटलं की कंटाळा येतो की थकवा?"

"थकवा अंगाचा की मनाचा?"

"झोप लागत नाही की मोडते?"

"घरची माणसं समजून घेतात की त्यांना वेळ नसतो?"

मुंगी, तू खिडकीवर कधी आली नाहीस, म्हणून सांगते. आमच्या फॉर्मवर चौकोन असायचे. पाणी येत नाही की कमी दाबाने येतं. गढूळ येतं की वास येतो. नळ गळतो की मीटर बिघडलाय. माणूस तोंड उघडतो न उघडतो तोच मी त्याच्या पुढे दोन चौकोन ठेवायचे. त्याने एक उचलला की खूण करायची, पुढचा. त्यामुळेच तर दिवसाला दीडशे व्हायचे. लोक मला हुशार म्हणायचे ते यासाठी.

मोजले मी. पन्नास मिनिटांत त्रेचाळीस वेळा. आणि मोकळे प्रश्न किती? एकही नाही. मी लिहिलेले ते चार प्रश्न मुद्रणावर नाहीतच. मागे पुढे करून तीनदा शोधले. सगळ्यांत मोठी शांतता तीन सेकंदांची आहे, आणि ती मी पाणी पीत होते म्हणून आहे.

मी खोटं लिहिलं नव्हतं गं. भेट संपून अर्धा तास झाला होता, आणि मला ते चार प्रश्न विचारल्याचं स्पष्ट आठवत होतं. अजूनही आठवतंय.

शेवटचं वाक्य ऐकलं तेव्हा मी कानातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला. निरोप देताना आम्ही पुढच्या भेटीचं बोलतो. मी काय म्हणाले सांगू? "आठ दिवस बघा. नाही फरक पडला तर परत या." खिडकीवर पाटीच होती तशी. तक्रार नोंदवल्यावर आठ दिवस वाट पाहावी, काम न झाल्यास पुन्हा यावे. मी ते दिवसाला दीडशे वेळा म्हणायचे.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पेन्सिल तोंडातून काढली आणि विचारलं, "यात त्या बाईचे स्वतःचे शब्द किती आहेत, ते मोजलंत का?" मोजले नव्हते. मोजायला बसले. तिचं जवळजवळ प्रत्येक उत्तर एका शब्दाचं होतं, आणि तो शब्द आधी मीच उच्चारलेला होता.

घरी येऊन भावजींना म्हटलं, मी माणसांना असं दोन दोन पर्यायांत पकडते का हो? ते वर्तमानपत्र वाचत होते. पान न उलटता म्हणाले, "रोज दारात विचारतेस ना, पोट बिघडलंय की ऑफिसात वाजलं? अठ्ठावीस वर्षं मी त्यातलं एक निवडतोय." मला वाटलं चेष्टा करतायत. मग बघितलं तर करत नव्हते.

ताई

बुधवार, १७ सप्टेंबर

मुंगी,

ती काल आली नाही.

पन्नास मिनिटं मी त्या तिरक्या खुर्चीत बसून होते. आम्हाला कुणाच्या घरी जायची परवानगी नाही. तिने दिलेल्या नंबरवर एकदा फोन करता येतो, तो केला, वाजून वाजून थांबला. बाईंना विचारलं, आता काय? म्हणाल्या, आता वाट बघायची. मी म्हटलं, तिला काही झालं असेल तर? त्यांनी कपाटातून पाकीट काढलं, माझा तो आठवणीतला कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "काय होऊ शकतं, हे यावरून सांगता येतं का बघा." नाही सांगता येत. थकवा, एवढंच आहे त्यात.

रात्रभर विचार करून आज सकाळी मी एक उद्योग केला. तुझी ती संध्याकाळ आठवणीतून लिहायला घेतली, आमच्या पद्धतीने. तू दारात. तपकिरी पिशवी. केस ओले, कारण तू वाटेत तोंड धुतलं होतंस. आईला जाऊन वर्ष झालं होतं. पुढे लिहिलं:

मी: काय गं अचानक? भांडण झालं की आईची आठवण आली?

तू: आईची आठवण.

लिहून झालं आणि मी पेन खाली ठेवलं. मुंगी, अकरा वर्षं मी हे वाक्य घेऊन फिरतेय. बैठकीत सांगितलं, काकांना सांगितलं, आत्याला सांगितलं, कुणी विषय काढला की सांगितलं, ती स्वतःच्या तोंडाने म्हणाली की आईची आठवण आली. तुझ्या तोंडाने नव्हतं ते. मी पुढे केलेल्या दोन चौकोनांतला तो एक होता. हे माझ्या आज लक्षात येतंय, ते सुद्धा स्वतःच्या अक्षरात वाचल्यावर.

त्यापुढे कागद कोरा आहे. तू दोन तास होतीस माझ्याकडे. चहा झाला असणार. बोललो असणार. शेवटी मी तुला बसपर्यंत सोडायला आले, ते आठवतं. मधलं काहीच नाही. आधी मला वाटायचं की मधे काही घडलंच नाही म्हणून आठवत नाही. आता तसं म्हणायची मला भीती वाटते. जी बाई अर्ध्या तासात चार प्रश्न मनाने रचू शकते, ती अकरा वर्षांत काय काय पुसून टाकू शकेल?

म्हणून विचारते, आणि यात दोन पर्याय नाहीत. त्या संध्याकाळी तू मला काय सांगितलंस?

ताई

बुधवार, २४ सप्टेंबर

मुंगी,

ती आली. काल, वेळेच्या दहा मिनिटं आधी.

मी काय केलं ते सांगते. हातात हात घट्ट धरून बसले आणि म्हटलं, "सांगा." एवढंच. पाठोपाठ जिभेवर आलं होतं, बरं नव्हतं की बाहेरगावी गेला होतात? दातांखाली जीभ धरली. अक्षरशः धरली, संध्याकाळपर्यंत दुखत होती. घड्याळात एकतीस सेकंद गेले. एकतीस सेकंद किती लांब असतात याची मला कल्पना नव्हती. खालच्या दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, तेही ऐकू आलं.

मग ती बोलली. काय बोलली ते सांगणार नाही. थकवा नव्हता, एवढंच लिहिते. मी तडक उठून बाईंना बोलावलं, बाईंनी जिथे फोन करायचे तिथे केले, आणि काल ती ज्या घरी झोपायला जाणार होती तिथे गेली नाही. "आठ दिवसांनी भेटू" मी म्हटलं नाही. उद्या सकाळी भेटतोय.

ती गेल्यावर मी त्याच खुर्चीत बसून राहिले. बाईंनी पाणी दिलं. मी म्हटलं, मला हे जमणार नाही, मी नाव काढून घेते. तिसऱ्या भेटीला हे सगळं तिच्या ओठांवर होतं आणि मी तिला झोपेबद्दल विचारत बसले होते. बाई म्हणाल्या, "सोडायचं तर सोडा. पण आता निदान तुम्हाला माहीत आहे की तुम्ही काय करता. तेरा वर्षांत मला ते माहीत नसलेलीच माणसं जास्त भेटली." मग माझं तासांचं पुस्तक पुढे केलं. "ते एकशे अडतीस धरायचे का, तुम्हीच ठरवा."

मी आडवी रेघ मारली. कालच्या तारखेसमोर लिहिलं, तास पहिला. भावजी म्हणाले, म्हणजे पाटी लागेपर्यंत मी निवृत्त होतो.

तू उत्तर दिलं नाहीस. देऊ नकोस असं मला लिहिता येत नाही. दे.

ताई

मंगळवार, ३० सप्टेंबर

मुंगी,

तुझं कार्ड मिळालं. पाच ओळी आहेत, मला पाठ झाल्यात.

"रविवारी चारला ये. छापखान्याच्या मागचा जिना. मध्ये बोलायचं नाही. तुझं ते यंत्र घेऊन ये, नाहीतर नंतर म्हणशील काही बोललीच नाही. माझ्या डाव्या हाताला बस, उजवा कान गेलाय."

येते. यंत्र आणते. डावीकडे बसते.

एक कबूल करायचं आहे. कार्ड वाचेपर्यंत मला माहीत नव्हतं की कान कोणता. मला सगळ्यांनी विचारलं असेल आणि मी सगळ्यांना सांगितलं असेल, कानाला इजा झाली. कोणत्या, हे अकरा वर्षांत माझ्या मनातही आलं नाही. हे वाचून तू येऊ नकोस म्हणालीस तरी मी जिन्यात बसून राहीन.

ताई

सोमवार, ६ ऑक्टोबर

मुंगी,

काल घरी पोचले आणि पर्स खांद्याला असतानाच टेबलाशी बसले. आधी आठवणीतून सगळं लिहून काढलं. कागद पाकिटात घातला आणि पाकीट भावजींच्या ताब्यात दिलं. आज सकाळी मुद्रण लावलं आणि शब्द न् शब्द उतरवला. त्याची नक्कल खाली आहे. एकही शब्द इकडचा तिकडे झाला असेल तर दुरुस्त कर.

तू: चालू झालं?

मी: हो.

(नऊ सेकंद)

तू: त्या दिवशी पिशवी दारात ठेवली मी. तू ओटा पुसत होतीस. पाठ माझ्याकडे. विचारलंस, भांडण झालं की आईची आठवण आली. मी म्हटलं, आईची आठवण. भांडण नव्हतं ना ते. भांडायला दोन माणसं लागतात.

मी: म्हणजे मी तेव्हा...

तू: मध्ये बोलायचं नाही ठरलंय.

(अकरा सेकंद)

तू: मग तू चहा दिलास. कप धुवायला घेतलेस. तेव्हा मी सांगितलं. ताई, तो मला मारतो. चारच शब्द. बसमध्ये घोकत आले होते, नाहीतर ऐनवेळी दुसरंच काहीतरी बोलले असते.

(चौदा सेकंद)

तू: तू वळलीसही नाहीस. म्हणालीस, हाताने की कशाने?

(बावीस सेकंद)

तू: मी म्हटलं, हाताने. तेव्हा हातानेच मारायचा. तू म्हणालीस, आठ दिवस बघ. नाही थांबलं तर परत ये. आणि बसपर्यंत सोडायला आलीस. वाटेत केळी घेऊन दिलीस. चांगली होती केळी.

(सात सेकंद)

तू: सहाव्या दिवशी कान गेला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एवढं वाढेपर्यंत कुणाकडे गेला का नाहीत? पाचव्या दिवशीच कळत होतं मला, आज-उद्या काहीतरी होणार. पिशवी भरलेली होती. पण आठ दिवस पुरे झाले नव्हते. तू आठ म्हणाली होतीस.

(चाळीस सेकंद)

तू: रडायचं असलं तर रड. रडणं म्हणजे बोलणं नाही.

इथे पुढे बराच वेळ मुद्रणावर फक्त माझाच आवाज आहे. तो कसा उतरवायचा हे आम्हाला शिकवलेलं नाही. मधे तुझ्या कागद दुमडण्याचा आवाज येतो. तू काम थांबवलं नाहीस, त्याचं मला बरं वाटलं.

मला अजूनही आठवत नाहीये, मुंगी. खूप प्रयत्न केला. ओटा आठवतो, फडकं आठवतं, हिरव्या रेघांचं. तुझे चार शब्द नाही आठवत. पण "हाताने की कशाने" हे माझंच वाक्य आहे. ते दुसऱ्या कुणाला सुचणार नाही. ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला तो ओळख पटल्याचा होता. मी तुझी तक्रार नोंदवून घेतली होती. खूण केली आणि पुढचा म्हटलं. मग भरल्या बैठकीत, तो माणूस समोर बसलेला असताना, सगळ्यांच्या देखत तुला खोटं पाडलं. आणि तुझा राग कसा टिकतो याचं वर्षानुवर्षं आश्चर्य करत बसले.

आता पुढचं ऐक, म्हणजे तुला कळेल मी कशी आहे ते.

दुपारी भावजींकडून पाकीट मागून घेतलं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. कालच्या आठवणीतल्या कागदावर ओटा आहे, चहा आहे, केळी आहेत. "हाताने की कशाने" आहे. "आठ दिवस बघ" आहे. हे सगळं लिहिलं म्हणून काल मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. डॉक्टरीणबाई नाहीत. भरलेली पिशवी नाही. आठ दिवस पुरे झाले नव्हते, हे वाक्य माझ्या कागदावर कुठेच नाही.

तुझ्या खोलीतून माझ्या टेबलापर्यंत दोन तास लागतात. तेवढ्यात ते गेलं. मुद्रणात त्या वाक्यानंतर माझा श्वास अडकल्याचा आवाज आहे, म्हणजे मी ते ऐकलं होतं. आणि तरी घरी येईपर्यंत ते माझ्याजवळ नव्हतं, नव्हतं म्हणून चुकल्यासारखंही वाटलं नव्हतं. मी भावजींना दोन्ही कागद दाखवले. त्यांनी वाचले, चष्मा काढला आणि कागद घडी घालून माझ्या हातात परत दिले. काहीतरी विनोद करतील म्हणून मी वाट बघत होते.

त्या बैठकीतल्यांपैकी थोरले काका आणि आत्या उरलेत. दोघांना आज पत्रं टाकली. त्यात माझी कारणं नाहीत, खिडकी नाही, कॉलेज नाही. एवढंच लिहिलंय: ती मला आधी बोलली होती, स्पष्ट शब्दांत, मी तुमच्यासमोर जे सांगितलं ते खरं नव्हतं. आत्याला कमी दिसतं म्हणून अक्षर मोठं काढलं. त्यांनी उलट काही विचारलं तर मी उत्तर देईन, तुला त्यात ओढणार नाही.

पुन्हा कधी येऊ ते विचारत नाही. तू सांगशील तेव्हा, नाही सांगितलंस तर नाही. जिना पाठ झालाय.

पत्रासोबत कागदाच्या घडीत चिप आहे, जपून उघड. मुद्रणाची एवढी एकच प्रत आहे, दुसरी मी काढलेली नाही. ती तुझ्याकडे राहू दे. माझ्यापाशी राहिली तर ती कुठेतरी हरवेल, आणि काही वर्षांनी कुणी विचारलं तर मी पुन्हा सांगेन की मला ती काही बोलली नव्हती, आणि तेव्हाही मला ते अगदी खरंच वाटत असेल.

ताई